कविता ऐकायची कुठे, कशी? तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही एवढंच विचारलं होतं की कविता तुम्ही वाचता की ऐकता, आणि त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप मिळून इतकं काही आलंय की सगळं छापायचं तर अंकात पाककृतींनाही जागा उरणार नाही. त्यामुळे निवडक घेतेय. नावं गाळली आहेत, कारण बऱ्याच जणांनी शेवटी "मी कविता करतो हे घरी कळू देऊ नका" असं लिहिलंय.

बँकेतून रिटायर झालोय, नाशिकला असतो. बायको म्हणते कविता वाचा, मन रमेल. पण पुस्तक उघडलं की दोन पानांत डोळा लागतो. शाळेत भावार्थ लिहून लिहून जो वीट आला तो अजून गेला नाही. या वयात गोडी लागेल का?

काका, दोन पानं म्हणजे भरपूर झाली की! कवितेचं पुस्तक कादंबरीसारखं पहिल्या पानापासून सलग वाचायला घेतलं तर कोणालाही झोप येईल, मलाही येते. तुम्ही पुस्तक थोडे दिवस बाजूलाच ठेवा आणि आधी ऐका. यूट्यूबवर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर यांची काव्यवाचनं मिळतील, ही तिघं वर्षानुवर्षं गावोगाव एकत्र फिरून कविता वाचायची आणि हॉल भरायचे, म्हणजे तुमच्या तरुणपणी नाशिकलाही येऊन गेले असतील, तुम्ही तेव्हा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत असाल. विंदांचा तो खणखणीत, जरासा रांगडा आवाज ऐकलात ना की भावार्थ वगैरे विसरायला होतं, कारण माणूस काय सांगतोय ते सरळ कळतंच, आणि जे नाही कळत ते राहू द्यायचं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे दोघं मिळून बा. भ. बोरकरांच्या कविता वाचायचे, तेही जरूर ऐका. विशेषतः सुनीताबाई. कुठलाही अभिनय नाही, आवाज चढवणं नाही, आणि तरी एकेक शब्द सुटा ऐकू येतो.

एक करून बघा. एकच कविता घ्या, सकाळी चहाच्या वेळी ऐका, दुसऱ्या दिवशी तीच परत ऐका पण या वेळी पुस्तक समोर धरून, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः मोठ्याने वाचा, घरात कोणी नसताना वाचलीत तरी चालेल. कुठे श्वास घ्यायचा हे तोंडाला कळलं की अर्ध्याहून जास्त कविता कळलेली असते असा माझा अनुभव आहे. आणि नाशिकला राहून घरात बसून काय ऐकताय, कुसुमाग्रज स्मारक आहे, 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, दोन्हीकडच्या नोटीस बोर्डवर महिन्यातून एकदा तरी नजर टाका. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी, तर गावात इतके कार्यक्रम असतात की कुठे जायचं हाच प्रश्न पडतो.

ताई, मी परभणीकडची, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ओपन माइकला कविता म्हणायचीय पण इन्स्टावर बघते तर सगळे हिंदी नाहीतर इंग्लिशमधे बोलतात आणि माझ्या कविता आमच्या बोलीत आहेत. लोक हसतील का?

अगं हसतील ना, तू जिथे हसवशील तिथे. बोलीची लाज वाटायचं काहीएक कारण नाही, तुझ्याच परभणीचे इंद्रजित भालेराव स्टेजवर उभे राहून शेतकऱ्याच्या भाषेत कविता म्हणतात आणि शहरातले हॉल चिडीचूप होतात. विठ्ठल वाघांनी वऱ्हाडीत लिहिलं, म्हटलं, ते गाणं होऊन घराघरात गेलं. आणि बहिणाबाई तर लिहीतच नव्हत्या, लिहिता येत नव्हतं, त्या शेतात, घरात काम करता करता म्हणायच्या आणि घरातल्यांनी ते टिपून ठेवलं. 1951 ला त्या गेल्या, 1952 मधे आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं आणि तेव्हा महाराष्ट्राला कळलं की खानदेशात एवढं मोठं काय होऊन गेलं. म्हणजे त्यांची कविता आधी बोलली गेली आणि मग छापली गेली, तुझ्या ओपन माइकसारखंच. तेव्हा "कामून"चं "का" करू नकोस आणि कविता सुरू करायच्या आधी अवघड शब्दांची यादीही सांगत बसू नकोस, ऐकणारे संदर्भाने बरोबर समजून घेतात.

आता कामाचं सांगते. पहिल्यांदा जाशील तेव्हा नुसती ऐकायला जा. कॅफेतल्या ओपन माइकला साधारण इन्स्टावर फॉर्म भरून किंवा मेसेज करून नाव द्यावं लागतं, चार-पाच मिनिटांचा स्लॉट मिळतो, शंभर-दोनशे रुपये घेतात आणि कधी कधी त्यात कॉफी धरलेली असते. वेळ संपली की मागून कोणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतं, तो दिसला की आवरायचं, "अजून एक छोटीशी" म्हणायचं नाही. कॉफी मशीनच्या जवळ माइक असेल तर आधीच सांग, नाहीतर नेमक्या चांगल्या ओळीला ते घुर्रर्र करणार.

पाठ नसेल तर नसू दे. कागदावर मोठ्या अक्षरात प्रिंट काढून ने, ओळींमधे भरपूर जागा सोड, जिथे थांबायचं तिथे पेनाने उभी रेघ मार. मोबाइलवरून वाचू नकोस, स्क्रीन मधेच काळी होते, अंगठा लागून कविता भलतीकडेच सरकते, आणि आईचा फोन हमखास तेव्हाच येतो. माइक तोंडापासून चार बोटं लांब. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "मी काही फार चांगली लिहीत नाही, पण..." अशी सुरुवात अजिबात नको. नाव सांग, कविता म्हण, खाली ये.

हिंदी-इंग्लिशचं म्हणशील तर पुण्या-मुंबईच्या कॅफेंमधे ते आहेच, पण निव्वळ मराठी कट्टेही आहेत, ते पोस्टरपेक्षा तोंडोतोंडी कळतात. एका कार्यक्रमाला गेलीस की तिथलंच कोणीतरी तुला व्हॉट्सअॅप ग्रुपमधे घेतं आणि मग रोज सकाळी सुप्रभातसुद्धा येतं, त्याला इलाज नाही.

मी 30 वर्षं मराठी शिकवलं, आता सांगलीत निवृत्त जीवन जगतो. नातवाने "स्लॅम पोएट्री" दाखवली. हातवारे, आरडाओरडा, स्वतःचं दुःख चव्हाट्यावर मांडणं, वर परीक्षक गुण देतात! ही परदेशी फॅशन आमच्या कवितेचं वाटोळं करतेय असं तुम्हाला वाटत नाही का?

सर, निम्मं मान्य. स्लॅम बाहेरून आलेलं आहे हे खरं, शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या बांधकामावर काम करणाऱ्या एका कवीने ते सुरू केलं, 1986 पासून तिथल्या ग्रीन मिल नावाच्या क्लबात ते होऊ लागलं, तीन मिनिटं वेळ आणि प्रेक्षकांतलेच कोणीतरी पाच जण शून्य ते दहा गुण देणार. त्याचं म्हणणं काय होतं, की विद्यापीठातली काव्यवाचनं इतकी कंटाळवाणी असतात की सामान्य माणूस तिकडे फिरकतच नाही. आता खरं सांगा, हे गाऱ्हाणं तुम्हाला अगदीच परकं वाटतं का? आपल्याकडच्या किती कविसंमेलनांना रात्री साडेअकराला अध्यक्ष आपली कविता वाचतात तेव्हा समोर फक्त मांडववाला आणि पुढचे तीन कवी असतात, आणि तेही आपापल्या वह्या चाळत असतात!

आणि कविता म्हणून दाखवण्यावरचा राग तर आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे. 1923 मधे पुण्यात रविकिरण मंडळ हे कवींचं मंडळ निघालं, त्यातले यशवंत आणि गिरीश आपल्या कविता लोकांसमोर चालीवर गाऊन म्हणायचे, त्याची एवढी लाट आली की गावोगाव काव्यगायनाचे कार्यक्रम व्हायला लागले, आणि तेव्हाच्या जाणत्यांनी नाकं मुरडली की हे गळ्यावर टाळ्या घेतात, कवितेत काय आहे ते बघा. अत्र्यांनी "केशवकुमार" नावाने 1925 मधे "झेंडूची फुले" काढून त्या सगळ्या हळवेपणाची जी टिंगल केली ती तुम्ही वर्गात शिकवलीही असेल. गंमत बघा, आज पुण्यात साहित्य परिषदेच्या ज्या सभागृहात आपण गंभीर चेहरे करून बसतो त्याला नाव माधवराव पटवर्धनांचं, म्हणजे माधव जूलियनांचं, म्हणजे त्याच रविकिरण मंडळातल्या कवीचं.

हातवारे आणि आरडाओरड्याबद्दल म्हणाल तर शाहिरी विसरलात का सर? 1944 मधे अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेखांच्या आवाजाने मैदानं हलली, ती काय खुर्चीत बसून हळू आवाजात वाचलेली कविता होती? वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरून गायले. स्वतःचं दुःख मांडणं म्हणाल तर तुकोबांपासून सुरुवात करावी लागेल, आणि तिथे मी हात जोडते.

निम्मं अमान्य ते हे. जे मान्य आहे तेही सांगते. या मुलामुलींतले बरेच जण एकाच सुरात बोलतात, वाक्य मधेच तोडायचं, शेवटचा शब्द ओढायचा, कुठल्याही विषयाला तोच हेल, आणि डोळे मिटून ऐकलं तर कोण बोलतंय ते ओळखू येत नाही. याचं कारण मला वाटतं की ती एकमेकांचे व्हिडिओ बघून शिकतात, त्यांच्या कानावर दुसरं काही पडलेलंच नाही. भुजंगप्रयात वृत्त म्हणजे काय विचारलं तर माहीत नसतं, पण मनाचे श्लोक म्हणायला लावले की बरोबर त्या चालीत म्हणतात. तुम्ही सांगलीतल्या एखाद्या कॉलेजात जाऊन महिन्यातून एक दुपार या मुलांना नुसती वृत्तं म्हणून दाखवाल का? व्याकरण नको, गण नकोत, फक्त म्हणून दाखवायचं. नातवाला बरोबर न्या, तो रेकॉर्ड करेल.

डोंबिवली ते सीएसएमटी, रोज सव्वा तास जायला सव्वा तास यायला. पॉडकास्ट ऐकते पण मराठी कवितेचं शोधलं की बासरीचा आवाज आणि सूर्यास्ताचे फोटो असलेलं काहीतरी येतं. काय ऐकू?

बासरी! मला वाटलं मलाच त्रास होतो. कवितेमागे बासरी किंवा पियानो लावणं म्हणजे कवितेवर विश्वास नाही हे सांगणंच आहे, असलं काही लागलं की मी लगेच बंद करते.

शोधताना नुसतं "मराठी कविता" टाकू नका, त्याने स्टेटसचे व्हिडिओच येणार. कवीचं नाव आणि पुढे "काव्यवाचन" किंवा "मुलाखत" असं टाका. सह्याद्री वाहिनीच्या यूट्यूबवर जुने कार्यक्रम सापडतात, कवी स्वतः बोलतोय, मधेच कविता म्हणतोय, समोरचा माणूस शांतपणे ऐकतोय, आजच्या पॉडकास्टवाल्यांनी बघून शिकावं असं. मधुराणी प्रभुलकर यांचं "कवितेचं पान" आहे, त्यात नवे-जुने दोन्ही कवी भेटतात. सुरेश भटांनी स्वतःच्या गझला म्हटल्याची रेकॉर्डिंगं मिळाली तर सोडू नका, गायकांच्या आवाजात आपण त्या इतक्या ऐकल्यात की कवी स्वतः शब्दावर जोर कुठे देतो ते ऐकल्यावर कधी कधी अर्थच बदलतो. आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अॅप घेतलंत तर पुणे केंद्रही लोकलमधे ऐकता येतं, मुंब्र्याच्या बोगद्यात आवाज जातो तेवढं सोडलं तर.

पण तुम्हाला मनापासून सुचवायचंय ते वेगळंच आहे. पारी म्हणून ग्रामीण भारतावरची वेबसाइट आहे, तिच्यावर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजारांहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी त्या त्या बाईच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या आहेत, आणि हे सगळं फुकट ऐकता येतं, शब्दही खाली लिहिलेले असतात. इथे कविता करणाऱ्या बाया कुठल्या संमेलनाला गेलेल्या नाहीत. सासर, माहेर, भाऊ, आंबेडकर, विठ्ठल, पाऊस, नवऱ्याचा मार, सगळं दोन-दोन ओळींत. मागे कधी जात्याची घरघर असली तर तेवढंच काय ते पार्श्वसंगीत. सकाळच्या गर्दीत नाही जमणार, परतताना कल्याण स्लोला खिडकी मिळाली तर लावा.

आणि एक, व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या कवितेखाली कुसुमाग्रज, विंदा नाहीतर पु. ल. असं नाव असेल तर ती त्यांची असेलच असं समजू नका. पुस्तकात सापडली तरच पुढे पाठवा.

मला जुन्या कवींच्या कविता वाचून त्यांचा पॉडकास्ट करायचाय. परवानगी लागते का? (कोल्हापूर)

लागते, पण सगळ्यांची नाही. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढची 60 वर्षं कॉपीराइट असतो, लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. म्हणजे केशवसुत (1905 ला गेले), बालकवी (1918), माधव जूलियन (1939) हे केव्हाच सगळ्यांचे झाले, मर्ढेकर 1956 ला गेले त्यामुळे तेही 2017 पासून मोकळे. कुसुमाग्रज मात्र 1999 ला गेले आणि सुरेश भट 2003 ला, तर तिथे वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. एखाद्या छोट्या कार्यक्रमात चार ओळी वाचून दाखवणं याला कायदा आडवा येत नाही, पण रेकॉर्ड करून अख्खी कविता नेटवर टाकणं हे वेगळं प्रकरण. प्रकाशकाला साधं पत्र लिहा, किती कविता, कुठे, पैसे मिळणार आहेत की नाही, स्पष्ट लिहा. उत्तर यायला वेळ लागतो, तोपर्यंत मर्ढेकर करा, त्यांना मोठ्याने वाचायचं म्हणजे काय हे कळेपर्यंत तुमचे दोन महिने जातीलच. ते स्वतः रेडिओत नोकरीला होते, तेव्हा मान ठेवून वाचा.

मुलगा 7 वर्षांचा, आम्ही न्यू जर्सीला असतो. मराठी समजतो, बोलतो जेमतेम. कवितेने काही होईल?

विंदांच्या बालकविता मागवा, "राणीची बाग", "एटू लोकांचा देश" वगैरे, आणि झोपताना तुम्ही वाचा, त्याला वाच म्हणू नका. इतक्या खुळचट आहेत की तो हसेल, हसला की परत म्हणायला लावेल, परत परत म्हटलं की पाठ होईल. अर्थ विचारला तर सांगा, नाही विचारला तर सोडून द्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत स्टेजवर चढवायची घाई मात्र करू नका, एवढी कळकळीची विनंती.

सोसायटीत महिन्यातून एकदा कवितांची बैठक करावी असं आम्हा चार-पाच जणांच्या डोक्यात आहे. कशी करावी? (ठाणे)

प्रमुख पाहुणे बोलवू नका. दीपप्रज्वलन नको, स्वागतगीत नको, प्रत्येक कवितेच्या आधी स्वतःची चारोळी टाकणारा सूत्रसंचालक तर अजिबात नको. क्लब हाऊस मिळालं तर ठीक, नाहीतर कोणाचाही हॉल, सतरंजी, दीड तास, संपलं की चहा. चहा आधी दिलात तर लोक चहा पिऊन जातात.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून लावा, ज्याला स्वतःची कविता वाचायचीय त्याने आधी दुसऱ्या कोणाची तरी एक वाचायची. याने दोन गोष्टी होतात. एक तर घरी जाऊन कोणीतरी पुस्तक उघडतं, आणि दुसरं, जोशी काका दर महिन्याला स्वतःच्या सात कविता वाचतील ते बोरकरांच्या शेजारी आपली कविता ठेवायची म्हटल्यावर आपोआप दोनवर येतात. न लिहिणाऱ्यांनाही याने जागा मिळते, आणि बैठक खरी त्यांच्यावरच टिकते, कारण नुसतेच कवी जमले की कोणी कोणाचं ऐकत नाही. कोणाच्या घरी दुसरी भाषा असेल, गुजराती, मल्याळी, कोंकणी, तर त्यांना त्यांच्या भाषेतली म्हणू दे, अर्थ नंतर सांगू दे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, तिथलं एखादं सभासदत्व बैठकीतल्या कोणाकडे तरी असलं की पुस्तकांचा प्रश्न मिटला. लहान मुलं दंगा करणार, करू दे.

दाद नेमकी कशी द्यायची? टाळ्या, वाहवा की चुटक्या?

गझलेला ओळ संपता संपता वाहवा, आवडला शेर तर "पुन्हा" म्हणायचं आणि कवी परत म्हणतो. कॅफेत चुटक्या वाजवतात, त्याने बोलणाऱ्याचं बोलणं तुटत नाही म्हणून. बाकी कवितेला ती संपल्यावर टाळ्या, आणि संपली की नाही कळत नसेल तर दोन सेकंद थांबा. कवीच्या आधी यमक ओळखून मोठ्याने म्हणणं ही दाद नाही.

परवा एका कविता वाचनाला 200 रुपये तिकीट बघितलं. कवितेला तिकीट? हे जरा अतीच नाही का? (पुणे)

नाही. हॉलचं भाडं, माइकवाला, पोस्टर, हे सगळं कोणीतरी भरतंच, आणि वर्षानुवर्षं ते कवींनीच भरलंय. आपल्याकडे कवी स्वतःच्या खर्चाने एसटीने येतो, दोन कविता वाचतो, शाल-श्रीफळ घेऊन रात्रीच्या गाडीने परत जातो, त्या शालींचं घरी काय करतात हा एक वेगळा अंक होईल. पिक्चरला पॉपकॉर्नसकट किती जातात ते आठवा. उलट 200 घेतात आणि कवीला त्यातलं काही देतात का, हे आयोजकांना विचारा, तो प्रश्न जास्त बरोबर आहे. आणि कार्यक्रम संपला की बाहेर टेबलावर पुस्तकं मांडलेली असतात, नुसती चाळून ठेवू नका, एखादं घ्या, सही मागा. सुट्टे बरोबर ठेवा, कवीकडे क्यूआर कोड असेलच असं नाही.